50 हजार लिटरची टाकी आणि 125 ग्रॅम टीसीएल

पंचगंगेला पाणी चढलं की कोल्हापुरात सगळ्यांच्या तोंडी एकच आकडा, राजाराम बंधारा किती फूट. 39 ला इशारा, 43 ला धोका, 2019 ला तर 55 च्या वर गेलेलं. पण पूर ओसरला, कॅमेरेवाले गेले, की गावात दुसऱ्या आकड्याची ड्युटी सुरू होते. लिटरमागं किती मिलिग्रॅम क्लोरीन.

हे मामा, नदीकाठच्या एका गावातले जलसुरक्षक. हातात ब्लीचिंग पावडर आहे, पण गावाकडं तिला टीसीएलच म्हणायचं, ब्लीचिंग म्हटलं की समोरचा तोंडाकडं बघतो. मी आपलं सहज विचारलं, मामा, किती टाकायचं? तर म्हणाले, "आरं, टाकी केवढी हाय ते न इचारता किती टाकायचं, आसं कुटं आस्तंय व्हय?"

बरोबर आहे की. टाकी 50 हजार लिटरची, ढोबळ हिशोब 1000 लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे 125 ग्रॅम. मामांनी एकदा वाण्याच्या काट्यावर वजन करून घेतलंय आणि स्टीलच्या पेल्यावर खिळ्यानं रेघ मारलीय, तिथपर्यंत भरायचं.

आता मेख इथं आहे. 125 ग्रॅम पावडर म्हणजे 125 ग्रॅम क्लोरीन नव्हे. ताज्या पावडरीत कामाचा क्लोरीन साधारण 33 टक्के, म्हणजे 41 ग्रॅम, बाकी बराचसा चुनाच. 41 ला 50 हजारानं भागलं की लिटरला 0.82 मिलिग्रॅम येतं. ह्यालाच पीपीएम, म्हणजे दहा लाखात किती भाग, असं म्हणतात, कारण लिटरभर पाण्याचं वजन एक किलो आणि किलोत मिलिग्रॅम दहा लाख.

मामा पावडर थेट टाकीत टाकत नाहीत. आधी बादलीत थोड्या पाण्यात कालवून घट्ट लगदा करतात, मग बादली 10 लिटरपर्यंत भरून ढवळतात आणि ठेवून देतात, चुना तळाला बसला की वरचं निवळ तेवढं टाकीत. शाळेत आम्हाला C1V1 = C2V2 (C म्हणजे तीव्रता, V म्हणजे आकारमान) पाठ करायला लावलेलं, कशाला ते बारावी झाली तरी कळलं नव्हतं, ते ह्या बादलीत कळलं. बादलीत लिटरला 4100 मिलिग्रॅम, गुणिले 10 लिटर. टाकीत 0.82, गुणिले 50 हजार. दोन्हीकडं 41 हजार. बादलीत पाणी 10 घ्या नाहीतर 15, टाकीतला आकडा हलत नाही, कारण क्लोरीन तेवढाच आहे, फक्त पसरलाय.

मग चुकतं कुठं? पोत्यात. तोंड उघडं राहिलं, ओल लागली, ऊन लागलं की पावडरीतला क्लोरीन उडत जातो आणि वजन मात्र तसंच दिसतं, पांढरीही तशीच दिसते. 33 चे 20 टक्के झाले तर त्याच पेल्यात 25 ग्रॅमच क्लोरीन, टाकीत 0.5. परत 0.82 करायचं तर पावडर 206 ग्रॅम लागेल, म्हणजे मामांची रेघ बिनकामाची.

त्यात पुराचं पाणी म्हणजे गाळ, कुजका पाला, काय काय. क्लोरीन आधी त्यालाच खपतो, उरला तर जंतूंच्या वाट्याला. म्हणून टाकला किती ह्यापेक्षा तासाभरानं शिल्लक किती हे बघायचं, आणि 0.5 तरी शिल्लक पाहिजे.

त्यासाठी ही ओटी, म्हणजे ऑर्थोटोलिडिन टेस्ट. नळीत पाणी, त्यात औषधाचे थेंब, क्लोरीन असेल तर पिवळं होतं, जितकं पिवळं तितका जास्त, कार्डावरच्या रंगाशी लावून बघायचं (आणि ते पाणी फेकून द्यायचं, प्यायचं नाही, औषध विषारी असतं).

टाकीखालच्या नळाला पिवळं झकास आलं. मग आम्ही वाडीच्या शेवटच्या नळावर गेलो, तिथं निदान 0.2 तरी लागतं. थेंब पडले, मामांनी नळी उजेडाकडं धरली, एक डोळा मिटून बघितलं, परत बघितलं. रंग हाय का न्हाई असा.

"पोतं फोडून लई दिस झालं," एवढंच बोलले, आणि नवीन पोत्याची सुतळी सोडायला वळले.