उसने आणलेले ‘ळ’

नमस्कार श्रोतेहो. कवीनं स्वतःच्या पैशानं पुस्तक काढलं की लोक म्हणतात, ‘प्रकाशक मिळाला नसेल.’ मला हे पटत नाही. ‘अरुण कोलटकरच्या कविता’ १९७७ साली आल्या त्या अशोक शहाण्यांच्या ‘प्रास’कडून. ‘प्रास’ हे छोटं, स्वतंत्र प्रकाशन. लहान घरातूनही मोठी कविता बाहेर पडते.

माझा पहिला संग्रह मी १९८४ साली छापला. सोळा पानांचे चार फॉर्म, म्हणजे चौसष्ट पानं, पाचशे प्रती. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातला छापखाना, शेजारी मागांची खटखट. जुळारी मामा तेलुगू बोलणारे. एकेक खिळा, म्हणजे शिशाचं सुटं अक्षर, उचलून माझी मराठी जुळवायचे.

कविता होती बहात्तरच्या दुष्काळावरची. तिसऱ्या कडव्याला मामांचा हात थांबला.

“मास्तर, ‘ळ’ संपला की हो.”

दुष्काळ, आभाळ, माळ, बाभळ. सगळीकडे ‘ळ’! खणात एकही खिळा उरला नव्हता. मी म्हणालो, “मामा, ‘सकाळ’ काढून ‘प्रभात’ करू का?”

मामांनी चष्मा कपाळावर सरकवला. “दुष्काळात प्रभात कुठली? आमच्या तेलुगूत पण ‘ळ’ आहे. शब्द बदलू नका.”

आणि सायकल काढून ते निघाले. तासाभरानं दुसऱ्या छापखान्यातून आले ते हातात वर्तमानपत्राची पुडी घेऊन. शेंगदाण्याची असते ना, तशी. आत एकोणीस ‘ळ’. ऐका, एकोणीस.

आणखी एक सांगतो. खिळ्यांच्या छपाईत ओळ अर्धी सोडली तरी उरलेली जागा शिशाच्या कोऱ्या तुकड्यांनी भरावी लागते. कवितेतली रिकामी जागासुद्धा कुणीतरी हातानं बसवलेली असते. म्हणून म्हणतो, कवितेचं पुस्तक फुकट मागू नका. लग्नात पाकीट देतो आपण, मग मित्राच्या पुस्तकाचे पैसे द्यायला हात आखडता का? विकत घ्या, मंडळी, विकत घ्या.

तर ते पान छापलं. उसने ‘ळ’ जरा झिजलेले, त्यामुळे ठसा जाड उठला. माझ्या प्रतीत ‘आभाळ’ आजही शेजारच्या शब्दांपेक्षा काळं दिसतं.

छपाई झाल्यावर मामांनी ते खिळे रॉकेलनं धुतले, फडक्यानं पुसले, माझ्यासमोर मोजले. एकोणीस. त्याच कागदात पुडी बांधली आणि पुन्हा सायकल काढली.