मचाणावर बांधून बसताना

मंडळी, बुद्ध पौर्णिमा जवळ आली की ताडोबा, मेळघाट, पेंच, नागझिरा इथल्या पाणवठ्यांवर वन विभागाचा 'निसर्गानुभव' असतो. दुपारी मचाणावर चढायचं, रात्रभर चांदण्यात पाण्याकडे डोळे लावून बसायचं आणि सकाळी उतरायचं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी नावं दिलेली आहेत. पाणी, दुर्बीण, मळकट रंगाचे कपडे, अत्तर नको, बोलणं नको, हे सगळं तुम्हाला सांगून झालंय. वाघाबद्दल तर भरपूरच सांगून झालं असेल. मी आज पडण्याबद्दल बोलणार आहे. मचाणावरच्या माणसाला वाघापासून जितका धोका असतो, त्याहून जास्त धोका पहाटे तीनच्या सुमाराला लागणाऱ्या डुलकीपासून असतो, असं माझं ठाम मत आहे. 4 मीटरवरून माणूस खाली यायला एक सेकंदसुद्धा लागत नाही, आणि जमिनीवर आपटताना त्याचा वेग ताशी 32 किलोमीटरच्या आसपास असतो. सावरायला वेळच मिळत नाही.

झाडावर बसणं आणि झाडावरून पडणं या विषयात ज्यांनी सगळ्यात जास्त डोकं घातलंय, ते म्हणजे अमेरिकेतले हरणांचे शिकारी. आपल्याकडे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि मचाणावरची बंदूक गेली. तिकडे विस्कॉन्सिन, मिशिगन, पेनसिल्व्हेनिया अशा राज्यांत आजही दर हंगामात असंख्य माणसं पांढऱ्या शेपटीच्या हरणासाठी 15-20 फुटांवर ट्री-स्टँड, म्हणजे झाडाला लावायची बैठक, लावून तासन् तास बसतात. शिकार पटो न पटो, त्यांनी हाडं मोडून घेऊन जे ज्ञान मिळवलं ते आपण घेतलं पाहिजे. त्यातली पहिली गोष्ट अशी की पडणारे सगळेच काही झोपेत पडत नाहीत. चढताना, उतरताना, आणि विशेषतः शिडीवरून फळीवर पाय टाकायच्या त्या एका क्षणाला फार जण पडतात. वर पोचल्यावर हुक अडकवू, असं म्हणणारा माणूस नेमक्या धोक्याच्या वेळी मोकळा असतो.

आता हार्नेस, म्हणजे पडलं तर लटकून राहावं म्हणून अंगावर चढवायचे पट्टे. पूर्वी कमरेला नुसता पट्टा बांधायचे. पडल्यावर तो पट्टा वर सरकतो, बरगड्यांखाली रुततो, श्वास अडकतो. माणूस उलटा झाला तर त्यातून निसटूही शकतो. अमेरिकेत कामाच्या जागी पडणं रोखण्यासाठी कमरेचा पट्टा वापरायला 1 जानेवारी 1998 पासून मनाई आहे. म्हणून कमरेला दोर गुंडाळून बसणं आजपासून बंद. खांदे, छाती आणि दोन्ही मांड्या धरणारा फुल-बॉडी हार्नेसच घ्यायचा.

इथे सह्याद्रीत प्रस्तरारोहण करणारी मंडळी बसली आहेत. ती म्हणतील, आमच्याकडे सीट हार्नेस, म्हणजे कमर आणि मांड्या धरणारा हार्नेस आहे, तोच नेतो. नेऊ नका. सुळक्यावर तुमचं तोंड कड्याकडे असतं, दोर समोर असतो, आणि पडताना तुम्ही पूर्ण जागे असता. मचाणावर पाठ खोडाला असते, दोर मागून-वरून येतो, आणि पडणारा कदाचित झोपेत असतो. अशा वेळी कमरेसमोर अडकवलेला माणूस सहज उलटा होतो. मचाणासाठी दोराची जागा पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मध्ये हवी, म्हणजे लटकल्यावर डोकं वरच राहतं.

आपल्या बाजारात शिकाऱ्यांचे हार्नेस फारसे मिळत नाहीत. बांधकामावर वापरतात तो फुल-बॉडी हार्नेस मिळतो. त्यावर आयएसआयची खूण आणि आयएस 3521 हा क्रमांक बघून घ्या. तुमचं वजन, पाठीवरच्या सॅकसकट, लेबलवरच्या मर्यादेत बसतंय का तेही बघा. हार्नेस चांगला असतो. फसगत होते ती त्याच्याबरोबर येणाऱ्या दोरात, आणि मला आज मुख्यतः हेच सांगायचं आहे.

त्या दोराची लांबी बहुतेक वेळा 2 मीटरच्या आसपास असते आणि त्याला एक जाडसर पुडकं असतं. त्या पुडक्यात घडी घालून शिवलेली पट्टी असते. झटका बसला की शिवण उसवत जाते आणि झटका कमी होतो. युक्ती उत्तम आहे, पण ती उंच इमारतीसाठी आहे. हिशेब करू. दोर 2 मीटर. पट्टी पूर्ण उसवली तर आणखी पावणेदोन मीटर. पाठीवरच्या कडीपासून तळव्यांपर्यंत तुमचं अंग दीड मीटर. वर सुरक्षिततेसाठी 1 मीटर सोडायचा. झाले सव्वासहा मीटर, आणि हे मोजायचं ते दोर जिथे बांधला त्या जागेपासून खाली. तुमचं मचाण 4 मीटरवर आहे आणि दोर तुम्ही फळीच्या पातळीवर बांधलाय. म्हणजे हार्नेस नवा, दोर पक्का, गाठ बिनचूक, आणि तरीही तुम्ही जमिनीवर आपटणार.

याची दुसरी बाजू बघा. 80 किलोचा माणूस 1 मीटर मोकळा पडला आणि नंतरच्या 10 सेंटिमीटरमध्ये थांबला, तर त्याच्या अंगावर सरासरी 880 किलो वजनाएवढा जोर येतो. अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे हार्नेसमधल्या माणसाला बसणारा धक्का 1800 पौंडांच्या, म्हणजे साधारण 816 किलोच्या वर जाता कामा नये. तोच माणूस 1 मीटरऐवजी 30 सेंटिमीटर पडला तर हा जोर 320 किलोवर येतो. दोर तोच, हार्नेस तोच. फरक फक्त ढील किती ठेवली याचा.

म्हणून दोर आखूड हवा, डोक्याच्या वर बांधलेला हवा, आणि बसल्यावर त्यात ढील राहता कामा नये. मागे हात नेऊन चाचपून बघायचं. दोर सैल लोंबत असेल तर वर सरकवायचा. उभे राहाल तेव्हा तो पुन्हा सैल होईल, तेव्हा पुन्हा वर सरकवायचा. हे सरकवणं सोपं व्हावं म्हणून प्रुसिकची गाठ वापरतात. कार्ल प्रुसिक हा ऑस्ट्रियन गिर्यारोहक. त्याने 1931 मध्ये ही गाठ मांडली. झाडाला बांधलेल्या मुख्य दोराभोवती त्याहून बारीक दोरीच्या फासाचे तीन वेढे द्यायचे. हाताने गाठ धरून सरकवली की सरकते, वजन पडलं की जागीच आवळते. मुख्य दोर 10-11 मिलिमीटरचा असेल तर गाठीची दोरी 6-7 मिलिमीटरची घ्या. दोन्ही जाडी सारखी असेल तर गाठ पकडत नाही. आणि बाजारात मिळणारी निळी-पिवळी प्लॅस्टिकची दोरी किंवा काथ्या यासाठी बिलकूल नको.

हाच मुख्य दोर मचाणाच्या वरून थेट जमिनीपर्यंत सोडला की जीवनदोर तयार होतो. जमिनीवर उभे असतानाच त्यावरच्या प्रुसिकमध्ये हार्नेसच्या दोराचा कॅरॅबिनर, म्हणजे उघडझाप होणारी धातूची कडी, अडकवायचा आणि गाठ डोक्याच्या वर ठेवत चढत जायचं. वर पोचलात, बसलात, रात्र काढलीत, सकाळी उतरलात, पाय मातीला लागले, की मगच तो काढायचा. मधे एकदाही नाही. कॅमेऱ्याची बॅग अंगावर घेऊन चढू नका, वर बसल्यावर वेगळ्या दोरीने ओढून घ्या. जीवनदोर बांधायला जो पहिला माणूस चढेल त्याने खोडाभोवती लाइनमनचा असतो तसा पट्टा घ्यावा. पण तो हात मोकळे ठेवण्यासाठी आहे, पडणं थोपवण्यासाठी नाही. त्याच्याबरोबर पाठीचा दोर लागतोच.

आता बांधायचं कशाला? पाणवठ्याकाठी अर्जुन हमखास असतो. डौलदार झाड आहे, माझं फार आवडतं. पण त्याची साल गुळगुळीत, ढलप्या सुटणारी. साध्या वेढ्याने बांधलेला दोर वजन आलं की खाली घसरतो. तिथे दोर जाड फांदीच्या बेचक्याच्या वर घ्या, किंवा खोडावर दोन-तीन आवळ वेढे द्या. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी खडबडीत, तिथे पकड छान बसते. सालई, पांगारा, सावर यांचं लाकूड हलकं, त्यांच्या फांदीवर जीव टांगू नये. मचाणाच्या कठड्याला तर कधीच बांधू नका, मग तो बांबूचा असो की लोखंडी. काही मचाणं लोखंडी, चार पायांची असतात, वर झाड नसतंच. तिथे मुख्य खांबाला बांधा आणि दोर इतका आखूड ठेवा की तुम्ही काठापर्यंत पोचूच शकणार नाही. पडणं थोपवण्यापेक्षा पडूच न देणं कधीही चांगलं.

पडून लटकलात तर पुढे काय, हे कुणी सांगत नाही. हार्नेसमध्ये हालचाल न करता लटकलं की रक्त पायांत साचतं, मेंदूला कमी पडतं, माणूस बेशुद्ध होतो. अर्ध्या तासाच्या आत जीवही जाऊ शकतो, असा इशारा अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याने 2004 मध्ये दिला होता. जंगलात मोबाइलला रेंज नसते आणि रात्री कुणी धावत येईल ही आशा धरता येत नाही. म्हणून पायात अडकवायची पट्टीची एक रिकीब हार्नेसला कायम लावून ठेवा. लटकलात की ती उलगडायची, पाय घालून उभं राहायचं, मांड्यांवरचा ताण काढायचा आणि शिडी गाठायची. शिडी हाताच्या टप्प्यात असावी, ते आधीच बघून ठेवा. बरोबरच्या वनरक्षकालाही हे सगळं चढण्यापूर्वी दाखवा. सोडवलेल्या माणसाला आडवं झोपवायचं आणि नेहमीचा प्रथमोपचार करायचा. त्याला बसतंच ठेवा असा जुना सल्ला ऐकला असाल तर विसरा.

एका गटाची मात्र मला मनापासून काळजी वाटते. विदर्भात रानडुकरांपासून पीक राखायला शेतकरी रात्र रात्र माळ्यावर जागल करतात. तुमची एक रात्र, त्यांचा अख्खा हंगाम, तोही दिवसभर राबून झाल्यावर. तुमच्या संस्थेने या वर्षी काही खरेदी करायचं ठरवलं, तर दुर्बिणींच्या आधी गावातल्या माळ्यांसाठी हार्नेस आणि आखूड दोर घ्या, आणि ते बांधायला शिकवायला कुणीतरी जा.

हार्नेसची पट्टी उन्हाने कमजोर होते, बाहेरून धडधाकट दिसली तरी. निर्मितीची तारीख लेबलवर असते, ती आणि उत्पादकाने दिलेली मुदत दोन्ही वाचा. एकदा झटका सोसलेला हार्नेस कापून टाका, कुणाला देऊ नका.

आता बाहेर चिंचेखाली जाऊ. दोघादोघांच्या जोड्या करा. आधी मांडीच्या पट्ट्या: पट्टीखाली सपाट तळहात गेला पाहिजे, मूठ जाता कामा नये. दोर डोक्याच्या वर बांधून जमिनीपासून फूटभर उंचीवर प्रत्येकाने हार्नेसमध्ये लटकायचं, रिकीब काढायची आणि स्वतःहून उभं राहायचं. ज्याला ते अंधारात, डोळे बांधून जमेल, त्याचंच नाव मी मचाणाच्या यादीत ठेवणार आहे.