डोळ्यांचा वाढदिवस

नमस्कार श्रोतेहो. आजचा विषय ऐकून काही जणांचा हात रेडिओ बंद करायला पुढे जाईल. विषय आहे, तुरुंगात राहून स्वतःच्या छोट्याशा यशाचा आनंद कसा करायचा. 'आत गेलेल्यांना कसला आलाय आनंद?' असं मला कोणीतरी विचारतंच. शिक्षा द्यायचं काम कोर्टाचं, ते कोर्ट करतंय. आणि आतला माणूस आज ना उद्या आपल्याच आळीत परत येणार आहे, तो कसा होऊन येतो याच्याशी आपला संबंध आहे.

शिवाय सगळ्यांचे गुन्हे सिद्ध झालेत असंही नाही. 2022 ची सरकारी आकडेवारी सांगते की देशातल्या तुरुंगांत दर चार बंद्यांमागे तीन जण न्यायाधीन होते. म्हणजे आपण ज्याला कच्चा कैदी म्हणतो तो. पक्क्या कैद्याला निदान शिक्षा किती ते माहीत असतं, माफीचे दिवस मिळवून ती थोडी कमी करता येते. कच्च्याला फक्त पुढची तारीख. त्या तारखेलाही कधी पोलीस गार्ड मिळत नाही, कधी साक्षीदार येत नाही. जामीन, फर्लो-पॅरोलसारखी शिक्षेतली तात्पुरती रजा, सुटका... आनंदाच्या म्हणून जेवढ्या गोष्टी, त्या सगळ्या दुसऱ्याच्या सहीवर अडकलेल्या. म्हणून मी एकच सांगत आलो आहे. जे आपल्या हातात आहे त्याची मोजणी ठेवा, आणि जमलं की एका माणसाला सांगा. पुन्हा सांगतो, हातातल्या गोष्टीची मोजणी, आणि एका माणसाला सांगणं.

आता अण्णांची गोष्ट. नाव अर्थातच वेगळं. एका मध्यवर्ती कारागृहात मी वाचनवर्ग घ्यायला जात असे, तिथले हे अण्णा. पक्के कैदी, वय पन्नाशीच्या पुढे, बाहेर असताना ट्रक चालवायचे. तुम्हाला ठाऊक असेल, आपल्याकडे काही कारागृहांत गणेशमूर्ती बनतात, नाशिकरोडच्या तर प्रसिद्धच आहेत. इथेही शाडूच्या मूर्तींचं काम चाले. (शाडूची मूर्ती महाग पडते म्हणून कुरकुरणारी मंडळी फटाक्यांवर किती उडवतात, ते मला विचारू नका.) अण्णांना काम मिळालं पॉलिश पेपर मारायचं. वाळलेली मूर्ती घ्यायची, घासायची, पुढे सरकवायची. दिवसभर नाकातोंडात पांढरी धूळ.

रंगकामाचा उस्ताद होता पेणचा एक पोरगा, अण्णांच्या मुलाच्या वयाचा. तोही शिक्षाच भोगत होता. डोळ्यांची आखणी तो कोणाला करू देत नसे. मूर्तीचं सगळं झालं, सोनेरी झाली, गंध झालं, की शेवटी डोळे. वरच्या पापणीची रेघ एका श्वासात ओढायची. मध्ये थांबलात तर तिथे गाठ दिसते. अण्णा पेपर मारता मारता हे बघत राहायचे. एक दिवस त्यांनी विचारलं, 'मला शिकवशील का?' तो म्हणाला, 'अण्णा, तुमचा हात स्टिअरिंगचा आहे.' पण फुटक्या मूर्तींचे तुकडे आणि केस झडलेला एक झिरो नंबरचा ब्रश मात्र त्याने देऊन टाकला.

तेव्हापासून अण्णा दुपारच्या सुट्टीत तुकड्यांवर डोळे काढायला लागले. मला दाखवायला आणायचे. उजवा डोळा लवकर बसला. डावा काही केल्या जुळेना! कधी खाली उतरायचा, कधी तिरळा व्हायचा. बराकीत पोरं चिडवायची, 'अण्णा, बाप्पा कोणाला डोळा मारतोय?' अण्णांनी वर्गाच्या वहीत मागच्या पानावर रकाने पाडले होते. रोजची एक रेघ. डावा जुळला तर रेघेवर टिंब. मी ते पान पाहिलंय, बरेच दिवस टिंबच नव्हतं.

मग गणपतीच्या आधी कामाची घाई झाली आणि उस्तादाने एक बारकी मूर्ती अण्णांपुढे सरकवली. म्हणाला, 'करा.' अण्णांनी केली. पोराने मूर्ती उचलली, उजेडात धरली, फिरवली आणि काही न बोलता विक्रीला जाणाऱ्या रांगेत नेऊन ठेवली. शाबासकी नाही, काही नाही. नुसती रांगेत ठेवली!

त्या रात्री बराकीत केक झाला. कॅन्टीनची ग्लुकोजची बिस्किटं चुरायची, दूध घालून मगात दाबून बसवायची आणि ताटात उपडी करायची, हा आतला केक. सुरी अर्थातच नाही, तेव्हा शिलाई विभागातल्या एकाने दोरा ताणून धरला आणि दोऱ्याने तुकडे केले. कोणीतरी विचारलं, 'वाढदिवस कोणाचा?' अण्णा म्हणाले, 'डोळ्यांचा.' कोपऱ्यातून एक जण बोललाच, 'मूर्ती विकली जाईल, पैसे सरकारचे, तू कशाला नाचतोयस?' अण्णांनी त्यालाही तुकडा दिला.

खरी गंमत पुढे आहे. मुलाखतीला मुलगी आली तेव्हा काचेपलीकडून फोनवर अण्णांनी तिला हे सांगितलं. एरवी बापलेकीचं बोलणं वकिलाच्या फीपलीकडे जात नसे. ती बाहेर पडली ती थेट विक्रीच्या काउंटरवर. एक मूर्ती घेऊन घरी गेली. पुढच्या मुलाखतीत तिने त्या मूर्तीचं वर्णन केलं, आणि अण्णांच्या लक्षात आलं की ही आपली नव्हेच, ही त्या पेणच्या पोराच्या हातची. मी विचारलं, 'मग तिला सांगितलंत?' तर म्हणाले, 'छे! पुढच्या वर्षी माझी जाईल की तिच्या घरी. तोवर हीच माझी.'

आता या विषयावर बोलणारे लोक हमखास लोकमान्यांचं नाव घेतात. मंडालेला 1908 ते 1914, सहा वर्षं, आणि त्यात पेन्सिलीने लिहिलेलं 'गीतारहस्य'. खरंच आहे, पण माझं मत विचाराल तर आतल्या साध्या माणसाला हे उदाहरण देऊ नये. तो मनात म्हणतो, 'मी कुठे टिळक?' आणि हातातला ब्रशही खाली ठेवतो. आणि बाहेर आपली तऱ्हा उलटी. पोरगं दहावीला जेमतेम पास झालं तरी चौकात फ्लेक्स, त्यावर पन्नास शुभेच्छुकांचे फोटो. या फ्लेक्सवाल्यांवर एक वेगळं भाषण द्यायचंय मला, असो.

आत बसून ऐकत असाल त्यांच्यासाठी थोडक्यात. गोष्ट अशी निवडा जी साहेबाच्या परवानगीशिवाय पुरी होईल. पुस्तकाची चार पानं, घरी स्वतःच्या हाताने लिहिलेलं पत्र, तंबाखूशिवाय गेलेली दुपार, पाण्याच्या रांगेत शिवी गिळली ती सकाळ. वहीत टिंब द्या. आणि एका माणसाला सांगा. कोपऱ्यातला एक जण हसणारच आहे, त्याच्यासाठी बिस्किटं थोडी जास्त घ्या.

आणि बाहेरच्यांनो, तुमचा भाऊ, नवरा, मुलगी, कोणी आत असेल, तर मुलाखतीत जामिनाचं, पैशांचं, आईच्या दुखण्याचं बोलावंच लागतं. त्यातली दोन मिनिटं बाजूला काढा आणि विचारा, 'या आठवड्यात काय जमलं?' पहिल्या खेपेला 'काही नाही' असंच उत्तर येईल. पुढच्या मुलाखतीला परत विचारा.

नमस्कार.