मसाई मारातला मुक्काम: पैसे भरण्याआधी विचारायचं ते

नमस्कार श्रोतेहो.

केनियातल्या मसाई मारात एखाद्या चांगल्या कॅम्पचा दर विचारलात, तर माणशी एका रात्रीचे ६०० डॉलर, हजार डॉलर, ऐन हंगामात त्याहूनही जास्त असं उत्तर येतं. दोघांची एक रात्र म्हणजे लाखाच्या पुढे रुपये. आणि राहायचं कशात, तर कापडी तंबूत. तंबूत पितळी नळ आहेत, नक्षीदार पायांवर उभा बाथटब आहे, पलंगावर पांढरीशुभ्र मच्छरदाणी आहे, हे सगळं जाहिरातीत दिसतंच. जे दिसत नाही आणि ज्याच्यावर मुक्काम चांगला किंवा वाईट ठरतो, त्याबद्दल आज बोलू या.

सुरुवात दरपत्रकापासून. ‘फुल बोर्ड’ लिहिलं असेल तर त्याचा अर्थ खाट आणि तीन वेळचं जेवण, एवढाच. ‘गेम पॅकेज’ असेल तर सहसा रोजच्या दोन सफारी फेऱ्या, धावपट्टीवरून नेणं-आणणं, साधी पेयं आणि कपडे धुणं हेही त्यात येतं. दोन कॅम्पांच्या दरांची तुलना करताना हा फरक लक्षात आला नाही, की स्वस्त वाटलेला कॅम्प शेवटी महाग पडतो. राखीव क्षेत्राचं प्रवेशशुल्क बहुतेक वेळा वेगळं असतं. जुलै २०२४ पासून परदेशी प्रौढासाठी ते जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर झालं. हे तिकीट सकाळी ६ ते संध्याकाळी ६ एवढ्या वेळाचं असतं. ऑगस्टमध्ये तीन दिवस म्हणजे माणशी ६०० डॉलर केवळ प्रवेशाचे! एजंटाच्या कोटेशनमध्ये ‘पार्क फी वगळून’ हे शब्द बारीक अक्षरांत असतात, ते आधी शोधा.

आता जागेकडे येऊ, कारण खरी चैन इथे आहे. मसाई मारा राष्ट्रीय राखीव क्षेत्र सुमारे १५०० चौरस किलोमीटरचं आहे. ते नारोक काउंटीच्या अखत्यारीत येतं. मारा नदीच्या पश्चिमेचा तुकडा म्हणजे मारा ट्रँगल. त्याची व्यवस्था २००१ पासून मारा कॉन्झर्व्हन्सी ही संस्था पाहते. आणि राखीव क्षेत्राच्या उत्तरेला, पूर्वेला आहेत त्या खासगी कॉन्झर्व्हन्सी, म्हणजे वन्यजीवांसाठी राखलेली खासगी रानं: मारा नॉर्थ, ओलारे मोटोरोगी, नाबोइशो, ओल किनयेई वगैरे. ही जमीन मसाई कुटुंबांच्या मालकीची. कॅम्पवाले त्यांना दरमहा भाडं देतात. मोबदल्यात तिथे शेती होत नाही, कुंपण पडत नाही, गुरं चारण्यावर ठरलेले निर्बंध असतात. तंबूंची संख्याही बांधलेली असते. काही ठिकाणी ७०० एकरांमागे एक तंबू, इतकी विरळ.

याचा पाहुण्याला फायदा काय? राखीव क्षेत्रात गाडी रस्ता सोडून न्यायला बंदी आहे, रात्रीची फेरी नाही, पायी चालणं नाही. सिंह रस्त्यापासून दोनशे मीटरवर झोपला असेल तर दुर्बीण लावा आणि तिथूनच बघा. एखाद्या चित्त्याभोवती गाड्यांची रांग लागते, तीही इथेच. कॉन्झर्व्हन्सीत गाईडला गवतात उतरता येतं, एका प्राण्याजवळ मोजक्याच गाड्या थांबतात, रात्री दिवा घेऊन फेरी निघते, सकाळी मसाई वाटाड्याबरोबर चालताही येतं. उलट नदी ओलांडणारे विल्डबीस्टचे, म्हणजे गुरांसारख्या दिसणाऱ्या मोठ्या कुरंगांचे कळप बघायचे तर नदीच्या प्रसिद्ध जागा राखीव क्षेत्रात आणि ट्रँगलमध्ये आहेत. कॉन्झर्व्हन्सीतून तिकडे जायचं झालं तर तास-दोन तासांचा प्रवास आणि त्या दिवसाचं प्रवेशशुल्क वेगळं. म्हणून चार रात्री असतील तर दोन इकडे आणि दोन तिकडे ही वाटणी आमच्या मते सर्वांत शहाणी. माराच्या पश्चिमेच्या ओलोलोलो कड्यावरच्या लॉजमधून दिसणारं दृश्य अप्रतिम आहे यात शंका नाही. पण रोज घाट उतरून खाली जावं लागतं, आणि पहाटेचा उत्तम प्रकाश त्या उतारावर खर्च होतो.

तंबूच्या आकारापेक्षा गाईडची चौकशी जास्त करा. केनियात केपीएसजीए या गाईडांच्या संघटनेच्या परीक्षा असतात: कांस्य, रौप्य आणि सुवर्ण. आपल्याला मिळणारा गाईड रौप्य दर्जाचा आहे का, हे बिनदिक्कत विचारावं. चांगल्या कॅम्पला या प्रश्नाचा राग येत नाही. दुसरा प्रश्न: गाडीत जास्तीत जास्त किती माणसं? सहा म्हणजे प्रत्येकाला खिडकी. सातवा आणि आठवा माणूस मधल्या जागेवर आला की फोटो संपलेच. अनोळखी लोकांबरोबर गाडी वाटून घ्यायची असेल तर त्यांची आवडही वाटून घ्यावी लागते. तुम्हाला पक्षी बघायचेत आणि त्यांना फक्त सिंह, मग रोज सकाळी रुसवे. लहान मुलं किंवा मोठी कॅमेरा लेन्स बरोबर असेल तर खासगी गाडीचे जादा पैसे वसूल होतात.

पोहोचायचं कसं? मुंबई-नैरोबी थेट विमानाला साधारण सहा तास. त्यापुढे मोटारीनं नारोकमार्गे सेकेनानी फाटकापर्यंत पाच-सहा तास, नाहीतर नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोटं विमान, पाऊण तास. विल्सन हा वेगळा विमानतळ आहे. आंतरराष्ट्रीय विमानतळावरून तिथे जाताना नैरोबीची वाहतूक मध्ये येते, म्हणून दोन विमानांमध्ये चार तास तरी ठेवा. या छोट्या विमानांत सामान १५ किलो, हातातली पिशवी आणि कॅमेरा धरून. बॅग मऊ कापडाचीच हवी, कारण विमानाच्या पोटाखालच्या कप्प्यात कडक सुटकेस बसत नाही. अडलेली सुटकेस विल्सनलाच राहते आणि चार दिवस एकाच शर्टवर काढावे लागतात. मारात धावपट्ट्या अनेक: कीकोरोक, ओल किओम्बो, मुसिआरा, मारा नॉर्थ, सेरेना. विमान एसटीसारखं थांबे घेत जातं. आपल्या कॅम्पची पट्टी कोणती ते तिकिटावर नीट पाहून ठेवा, आणि उतरण्याआधी वैमानिकाला नाव विचारा. चुकीच्या पट्टीवर उतरलेला पाहुणा नदीच्या पलीकडे अडकतो, आणि पूल जवळ नसतो.

एप्रिल-मे हा मोठ्या पावसाचा काळ. मारातली बरीच जमीन आपल्या विदर्भ-मराठवाड्यासारखी काळी, भिजली की चाक सोडत नाही. दर उतरतात ते उगीच नाही. काही कॅम्प तर त्या दिवसांत बंदच असतात. जूनमध्ये गवत उंच असतं, गर्दी कमी असते आणि शुल्कही निम्मं. नदीवरचे कळप बघण्याचा हट्ट नसेल त्यानं जून निवडावा.

आता तंबू. लाकडी चौथऱ्यावर जाड कॅनव्हास, आत खरा पलंग, मागे संडास-बाथरूम. कुंपण बहुतेक कॅम्पांना नसतं. रात्री पाणघोडे नदीतून वर येऊन तंबूंच्या मधलं गवत खातात, हत्ती आणि रानरेडे जातात. त्यामुळे अंधार पडल्यावर एकट्यानं तंबूबाहेर पाऊल टाकायचं नाही, हा नियम सगळीकडे. बाहेर अस्कारी म्हणजे पहारेकरी असतो. जेवायला जाताना आणि परतताना तोच सोबत येतो. त्याला बोलवायला शिट्टी, वॉकीटॉकी किंवा बॅटरीची खूण ठरलेली असते. ती पहिल्याच संध्याकाळी, उजेड असताना विचारून घ्या. पाणघोडा दिसायला सुस्त, पण त्याच्या आणि पाण्याच्या मध्ये माणूस आला तर तो अंगावर धावून येतो. तंबूची चेन मात्र भक्कम संरक्षण आहे. प्राण्याला तंबू म्हणजे एक घन ठोकळा वाटतो. आत शिरायचं सहसा त्याच्या मनातही येत नाही. माकडांचं तसं नाही. वानरांना चेन उघडता येते, म्हणून चेनीची दोन्ही टोकं क्लिपनं अडकवतात. चिवडा, लाडू, खाकरे तंबूत ठेवूच नका. डब्यात भरून स्वयंपाकघराकडे सोपवा.

रात्री झाडावरून कुणीतरी गळा दाबल्यासारखं किंचाळतं. तो वृक्ष-हायरॅक्स, सशाएवढा प्राणी. पांघरुणात पायाला काहीतरी गरम, मऊ लागलं तर ओरडू नका; ती गरम पाण्याची रबरी पिशवी, रात्रीच्या जेवणाच्या वेळी ठेवून गेलेली. तिची गरज पडते, कारण मारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरच्या वर आहे. पहाटे बारा-तेरा अंश आणि उघडी गाडी, म्हणजे थंडी महाबळेश्वरची. आफ्रिका म्हणून फक्त सुती कपडे नेणारे पहिल्या सकाळी कुडकुडतात.

अंघोळीचं पाणी काही कॅम्पांत बादलीतून येतं. तंबूमागे उंचावर सुमारे २० लिटरची कापडी किंवा पत्र्याची टाकी असते. तुम्ही सांगाल त्या वेळी माणूस गरम पाणी ओतून हाक मारतो. आधी अंग भिजवायचं, पाणी बंद, साबण, मग पुन्हा पाणी. शॉवर सुरूच ठेवलात तर साबण अंगावर राहून टाकी संपते. वीज सौर, बॅटरीवर साठवलेली. केस वाळवायचा ड्रायर किंवा इस्त्री लावली की इन्व्हर्टर बसतो आणि शेजारच्या तंबूंतही अंधार होतो, म्हणून या वस्तूंना बंदी असते. केनियाचे सॉकेट तीन चौकोनी पिनांचे, इंग्लंडसारखे. आपला गोल पिनांचा प्लग बसत नाही, अडॅप्टर दोन घ्या. कपडे रोज धुऊन मिळतात, पण हातानं आणि उन्हात. पावसात वाळत नाहीत. अंतर्वस्त्रं बऱ्याच ठिकाणी धुवायला घेत नाहीत. त्यासाठी बाथरूममध्ये साबणाची पूड ठेवलेली असते.

कपड्यांचे रंग मातकट, खाकी, फिका हिरवा. काळा आणि गडद निळा टाळा, त्से-त्से माशी या रंगांकडे ओढली जाते आणि तिचा चावा कपड्यातूनही लागतो. लष्करी ठिपक्यांचे कपडे केनियात घालूच नका, आणि ड्रोन घरी ठेवा. प्लास्टिकच्या पिशव्यांवर २०१७ पासून देशभर बंदी आहे, आणि संरक्षित क्षेत्रांत एकदाच वापरायच्या प्लास्टिकलाही २०२० पासून. आपल्याकडे फराळ कॅरीबॅगेत बांधायची सवय, ती विमानतळावरच सोडलेली बरी.

जेवणाचं आता सविस्तर, कारण मराठी माणसाचं निम्मं लक्ष तिथे. ‘व्हेजिटेरियन’ एवढंच कळवणं पुरत नाही. त्यांच्या शाकाहारात अंडं चालतं, सूपमध्ये कोंबडीचा अर्क चालतो, पुडिंगमध्ये जिलेटिन चालतं. काय चालत नाही ते एकेक पदार्थ लिहून, निदान तीन आठवडे आधी पाठवा. जैन जेवण हवं असेल तर ‘कांदा, लसूण, बटाटा, गाजर, बीट, मुळा नको’ असं स्पष्ट लिहा. कॅम्पचा भाजीपाला नैरोबीहून ट्रकनं ठरावीक दिवशी येतो. तुम्ही पोहोचल्यावर सांगितलंत तर आचाऱ्याकडे कोबी आणि सद्भावना याशिवाय काही नसतं. आनंदाची गोष्ट अशी, की केनियात भारतीयांची वस्ती जुनी, त्यामुळे चपाती, सामोसा आणि दुधाचा चहा तिथे घरचेच झाले आहेत. चपाती मैद्याची, पदर सुटलेली, आपल्या पराठ्याच्या जवळची. ‘न्देंगू’ म्हणजे मूग, ‘महारागवे’ म्हणजे राजमासारखी घेवड्याची उसळ, ‘सुकुमा विकी’ ही पालेभाजी. हे पदार्थ कर्मचारी रोज खातात, पाहुण्यांच्या टेबलावर मात्र पास्ता आणि सॅलड येतं. मागितलंत तर आचारी खूश होऊन करून देतो, आणि बहुतेक वेळा पास्त्यापेक्षा ते उत्तम जमतं.

दिवसाचा क्रम ठरलेला: साडेपाचला चहा-बिस्किटं घेऊन हाक, सहाला गाडी, दहाच्या सुमाराला परत, दुपारी विश्रांती, चारला पुन्हा फेरी. भारताचं घड्याळ अडीच तास पुढे, त्यामुळे तिथले साडेपाच म्हणजे आपले सकाळचे आठ. पहिल्या दिवशी उठणं सोपं जातं. गाडीत उभं राहून हात बाहेर काढायचा नाही. सिंहाला गाडी आणि माणसं मिळून एकच आकार दिसतो. तो आकार मोडला की त्याचं लक्ष जातं. दुर्बीण प्रत्येकाची स्वतंत्र हवी, ८ बाय ४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) पुरेशी. बलूनची फेरी सुमारे तासभराची, माणशी साधारण ५०० डॉलर; वाऱ्यामुळे रद्द झाली तर पैसे परत की दुसरी तारीख, हे आधी लेखी घ्या.

बक्षिशी गाईडला माणशी दिवसाला १० ते २० डॉलर, बाकी कर्मचाऱ्यांसाठी एक सामायिक पेटी असते. जुन्या, फाटक्या किंवा लिहिलेल्या डॉलरच्या नोटा कुणी घेत नाही.

शेवटी कागदपत्रं आणि तब्येत. जानेवारी २०२४ पासून केनियाला व्हिसाऐवजी ऑनलाइन पूर्वपरवानगी लागते. मारात मलेरिया आहे. गोळ्यांचा निर्णय डॉक्टरांना विचारूनच घ्या, आणि परतल्यावरचा कोर्स अर्धवट सोडू नका. जवळ मोठं रुग्णालय नाही, म्हणून एम्रेफ फ्लाइंग डॉक्टर्सच्या विमानसेवेचं सभासदत्व कॅम्पच्या दरात आहे का ते विचारा. नसेल तर स्वतः काढा, थोडक्या पैशांत होतं. पीतज्वराची लस निघण्याआधी किमान दहा दिवस, सरकारमान्य केंद्रातच घ्यायची. एकदा घेतली की जन्मभर चालते. तिचं पिवळं कार्ड परतीच्या वेळी हातातल्या पिशवीत, पासपोर्टशेजारी ठेवा. कारण ते प्रामुख्यानं मुंबईत उतरल्यावर मागतात, आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.