उलटा फिरवा, मग सुलटा

(दृश्य : पुण्यातल्या एका फ्लॅटमधलं जेवणाचं टेबल. त्यावर जुना पेपर अंथरलेला. खोक्याचं झाकण उघडतं.)

खोक्यावर गाडी आहे. आत गाडी नाही.

आत पिशव्या आहेत. स्क्रूच्या, नटांच्या, वॉशरच्या, प्रत्येकीवर एकेक इंग्रजी अक्षर. काळ्या प्लास्टिकच्या चौकटी आहेत आणि त्यांना कैऱ्या लटकाव्यात तसे सुटे भाग लटकलेत. एक चंदेरी मोटर. ग्रीसची करंगळीएवढी ट्यूब. आणि पारदर्शक प्लास्टिकचं एक टरफल. त्याला रंग नाही, काचा नाहीत, चाकांच्या कमानीसुद्धा कापलेल्या नाहीत.

माझी मुलगी डोकावून म्हणाली, “बाबा, ही तुटकीच आली की!”

ही टामिया या जपानी कंपनीची टीटी-०२, रिमोटवर चालणारी, घरी जोडायची गाडी. एकास दहा मापाची, चारही चाकांना जोर देणारी. २०१३ पासून बाजारात आहे. रिमोटवर चालणाऱ्या गाड्या खेळण्यांच्या दुकानात तयार मिळतात. बॅटरी घातली की पळतात आणि दिवाळीपर्यंत मोडतात. ही तशी नाही. ही मोडते, आणि मग दुरुस्त होते. फरक एवढाच आहे, पण या एवढ्याशा फरकापायी माझ्या घरातलं जेवणाचं टेबल आठवड्यातून तीन दिवस जेवणासाठी मिळत नाही. आईचं त्यावर स्वतंत्र मत आहे. ते या फिल्ममध्ये घेतलेलं नाही.

(दृश्य : अगदी जवळून. स्क्रू प्लास्टिकच्या भोकावर टेकतो. हात डावीकडे वळतो.)

आता इथे जरा थांबू.

या गाडीतले बरेचसे स्क्रू थेट प्लास्टिकमध्ये जातात. नट नाही. स्क्रू जाता जाता स्वतःच आटे पाडतो. पहिल्या वेळी ते ठीक. पण गाडी पुन्हा खोलली, पुन्हा जोडली, आणि प्रत्येक वेळी स्क्रूनं नवे आटे पाडले, तर चौथ्या-पाचव्या खेपेला भोक नुसतं गुळगुळीत होतं. स्क्रू फिरतो, फिरतच राहतो. आटे मेले.

म्हणून स्क्रू आधी उलटा फिरवायचा. हलक्या हातानं, जोर न देता. अर्धा-पाऊण फेरा झाला की बोटांना एक बारीक ‘टक्’ जाणवतं. स्क्रू आपल्या जुन्या वाटेवर येऊन बसला, तो हा क्षण. आता सुलटा फिरवा. हे मॅन्युअलमध्ये मला कधी सापडलं नाही. एक चेसिस वाया घालवल्यावर कळलं.

दुसरी गोष्ट स्क्रूड्रायव्हरची. स्क्रूच्या डोक्यावर अधिकचं चिन्ह दिसतं, आपल्याकडच्या फिलिप्स स्क्रूड्रायव्हरच्या टोकालाही अधिकच. पण जपानी मानकाची खाच आणि फिलिप्सचं टोक यांच्या कोपऱ्यांची गोलाई वेगळी असते. फिलिप्स तळापर्यंत बसत नाही. जोर दिला की ते वर उसळतं आणि जाता जाता खाच खरवडून जातं. मी वर्षभर या स्क्रूंना ‘मऊ धातू’ म्हणून नावं ठेवत होतो. धातूचा काही दोष नव्हता. जपानी टोकाचा स्क्रूड्रायव्हर घेतला आणि तेच स्क्रू शहाण्यासारखे वागायला लागले.

(दृश्य : जपानचा नकाशा. टोकियोपासून पश्चिमेकडे सरकणारी रेघ. शिझुओका.)

टोकियोहून शिंकान्सेन या बुलेट ट्रेननं पश्चिमेला साधारण तासाभरावर शिझुओका लागतं. हे जपानचं मॉडेलवाल्यांचं गाव. टामिया इथली, आओशिमा इथली, हासेगावा याच प्रांतातल्या शेजारच्या याइझूची. गावानं स्वतःच तो मान मिरवायचा ठरवलाय. तिथे रस्त्यावर अशी शिल्पं उभी केली आहेत की टेलिफोन बूथ किंवा टपालपेटी सुट्या भागांत मोडून, मॉडेल किटच्या चौकटीत लावून ठेवली आहे असं वाटावं.

सुतारकाम इथे जुनं. आणि टामियाचा उगमही लाकडातच आहे. १९४६ मध्ये योशिओ टामिया यांनी लाकूड कापण्याचा आणि विकण्याचा धंदा सुरू केला. जोडीला लाकडी जहाजांची मॉडेल्स. १९५१ च्या आगीत माल जळाला, पुढे दोनेक वर्षांत त्यांनी लाकूडविक्री सोडून फक्त मॉडेल्स धरली. मग प्लास्टिक आलं. १९६० मध्ये त्यांनी ‘यामातो’ या युद्धनौकेचं प्लास्टिक किट काढलं. दुसऱ्या एका कंपनीनं तीच नौका स्वस्तात विकायला आणल्यामुळे टामियांचा तो पहिला डाव फसला. पण धंदा सोडला नाही, हे आपल्या टेबलावरच्या पसाऱ्यावरून दिसतंच आहे.

रिमोटच्या गाडीची गोष्ट तर मला फार आवडते. योशिओंचे चिरंजीव शुनसाकु टामिया यांना पोर्शे ९३४ चं एकास बारा मापाचं मॉडेल करायचं होतं. मापं हवीत तितकी बारकाईनं मिळेनात. तेव्हा त्यांनी, ९३४ जिच्यावर बेतली होती ती, एक खरीखुरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि ती खोलली. नट न् नट. मॉडेल सुंदर झालं, पण साच्यांवर झालेला खर्च एका शोभेच्या किटमधून वसूल कसा व्हायचा? मग त्याच बॉडीखाली रेडिओवर चालणारी चेसिस घातली. १९७६ मध्ये ती बाजारात आली आणि टामियाची रिमोट गाड्यांची शाखा तिथून सुरू झाली. इटलीत ‘एल-जी’ (El-Gi) नावाच्या कंपनीनं त्याच्या दहा वर्षं आधीच रेडिओवर चालणारी फेरारी काढली होती, तेव्हा टामिया पहिले नव्हेत. पण लोकांनी घरी बसून जोडायची, मोडायची आणि परत जोडायची गाडी जगभर पोचवली ती प्रामुख्यानं त्यांनी. १९८४ ची ग्रासहॉपर आणि हॉर्नेट ही दोन नावं आज पन्नाशीकडे झुकलेल्या कुठल्याही शौकिनाजवळ काढून बघा. चेहरा उजळतो.

शुनसाकु टामिया २०२५ च्या जुलैमध्ये, नव्वदीत गेले.

(दृश्य : तळहातावर दोन बारीक कड्या. एक प्लास्टिकची, एक चकचकीत पोलादी.)

आता परत टेबलावर. या दोन कड्या नीट बघा.

डावीकडची खोक्यातून आली. प्लास्टिकचा बुश. मधल्या भोकात दांडा फिरतो, तो थेट प्लास्टिकवर घासत. उजवीकडची मी वेगळी विकत घेतली. बॉल बेअरिंग. नाव ‘अकराशेपन्नास’, म्हणजे बाहेरून ११ मिलीमीटर, आतून ५. दोन्हींचं माप एकच. प्लास्टिकची काढा, पोलादी बसवा, झालं.

म्हणजे कंपनीनं जागा बेअरिंगचीच ठेवली आहे, पण बेअरिंग दिलेलं नाही. काहींना हा निव्वळ कंजूषपणा वाटतो. खोटं कशाला बोलू, तो आहेच. किटची किंमत खाली ठेवायची आणि वरचे भाग ‘हॉप-अप’ म्हणून वेगळे विकायचे, हा सरळ धंदा आहे. पण त्यातून एक भलतीच गोष्ट साधते. प्लास्टिकच्या बुशवर गाडी महिनाभर पळवली की चाक हातानं हलवल्यावर डगडगतं. का डगडगतं ते बघायला तुम्ही ती खोलता. बुश अंडाकार झालेला दिसतो. झीज कशी होते, कुठे होते, धूळ नेमकी कुठून शिरते, हे तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहता. मग बेअरिंग लावता. तेव्हा ते बेअरिंग तुम्हाला समजलेलं असतं.

पहिल्याच दिवशी सगळे भाग बदलणारे लोक मला भेटतात. निळं ॲल्युमिनियम लखलखत असतं. त्यांना विचारा, हा दांडा का बदललात? उत्तर येतं, चांगला असतो.

(दृश्य : गिअरपेटी उघडी. ग्रीसनं माखलेलं बोट.)

मोटरचं बघू. दांड्यावर २२ दातांचं छोटं चक्र, म्हणजे पिनियन, ते ७० दातांच्या मोठ्या चक्राला फिरवतं, पुढे आणखी गिअर. मोटरचे सव्वाआठ फेरे होतात तेव्हा चाकाचा एक फेरा होतो. पिनियनचे दात वाढवा, हा आकडा उतरतो, वेग चढतो. आणि मोटर तापते. म्हणून जास्त ताकदीची मोटर घालावी. तशी घातली की गाडी उसळते, कारण किटमधले डँपर, म्हणजे धक्के शोषणाऱ्या नळ्या, तेलाचे नसतात. स्प्रिंगच्या आत नुसता प्लास्टिकवर प्लास्टिक घासणारा दांडा. म्हणून तेलाचे डँपर घ्यावेत. गाडी खाली बसली, आता कळतं की सरळ सोडली तरी ती सरळ जात नाही, कारण स्टिअरिंगच्या सांध्यांत मोकळीक आहे, जी आधी उसळण्याच्या नादात दिसलीच नव्हती. ते घट्ट केलं. मग एका जोरदार सुरुवातीला पुढच्या-मागच्या चाकांना जोडणारा मधला प्लास्टिकचा दांडा पिळवटलेला दिसतो.

दुखणं जात नाही, पुढच्या सांध्यात सरकतं. आमच्या आजीच्या गुडघ्यांसारखं.

म्हणून एका वेळी एकच भाग बदलावा. गाडी आठवडाभर पळवावी. पुढे काय बदलायचं ते ती स्वतः सांगते. मी एकदा घाईनं चाकांना चेसिसशी जोडणाऱ्या, कुठल्याशा स्वस्त ब्रँडच्या ॲल्युमिनियमच्या भुजा लावल्या होत्या. प्लास्टिकची भुजा आपटली की वाकून परत सरळ होते, फार तर तुटते. ॲल्युमिनियमची वाकली ती वाकलीच, आणि धक्का आत चेसिसपर्यंत पोचवून गेली. भुजा वाचली, चेसिसला तडा गेला.

तेलाचे डँपर भरायला मात्र सवडीनं बसावं. नळी उभी धरायची, तेल काठापर्यंत, आणि दट्ट्या सावकाश वरखाली. बुडबुडे वर येतात. थांबायचं. परत वरखाली. हवेचा एक बुडबुडा आत राहिला तरी डँपर दाबताना पचपच आवाज करतो. माझी मुलगी हे माझ्यापेक्षा चांगलं करते, कारण तिला थांबता येतं.

(दृश्य : पारदर्शक बॉडी उलटी धरलेली. आतून लाल फवारा.)

रंग बाहेरून देत नाहीत, आतून देतात. बॉडी पॉलिकार्बोनेटची, काचेसारखी आरपार. आतून रंग दिला की बाहेर चकाकी प्लास्टिकची राहते आणि आपटून, घासून रंग लगेच निघत नाही. पण हिशेब उलटा होतो. भिंतीला शेवटचा हात दिसतो, इथे पहिला. काळे पट्टे आधी, लाल नंतर, त्याच्या मागे पांढरा, म्हणजे लाल खुलतो. आधी साबणानं धुवायची, नाहीतर साच्याचा तेलकटपणा राहतो. खिडक्यांवर आतून चिकटपट्टी. आणि फवारा पातळ, चार-पाच हातांत.

रंग खास पॉलिकार्बोनेटचाच हवा. मी पहिल्या बॉडीला गाडीच्या टचअपचा डबा मारला होता. दिसली झकास. पहिल्या धडकेत रंगाचे पोपडे पापडासारखे निघाले. भर पावसाळ्यातही फवारू नये. दमट हवेत रंग ढगाळतो. म्हणून आमच्याकडे रंगकामाचा मोसम दसऱ्यानंतर.

सगळ्यात शेवटी बाहेरची पातळ संरक्षक फिल्म सोलायची. एका कडेला नख घालून, सावकाश. त्या अर्ध्या मिनिटासाठी घरातले सगळे जमतात. आईसुद्धा.

(दृश्य : बॅटरी, चार्जर, मातीची कुंडी.)

खर्चाचं विचाराल तर दुखरी नस आहे. परदेशातून येणाऱ्या खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०. देशी खेळण्यांना संरक्षण मिळावं म्हणून. पण अशी किटं इथे कोण बनवतं? मग कोणी परदेशातून येणार म्हटलं की आम्ही त्याची विचारपूस फार आपुलकीनं करतो. बॅटऱ्या तेवढ्या आणायला सांगत नाही. सुट्या लिथियम बॅटऱ्या विमानात सामानाच्या बॅगेत चालत नाहीत, जवळच ठेवाव्या लागतात.

लिपोशी, म्हणजे लिथियम-पॉलिमर बॅटरीशी, मस्करी नको. दोन सेलची, ७.४ व्होल्टची. एका सेलचा दाब तीन व्होल्टच्या खाली गेला की ती बिघडायला लागते, आणि बऱ्याच साध्या स्पीड कंट्रोलरना ते कळत नाही. दाब उतरला की वाजणारी, वीसेक रुपयांची नाही, पण स्वस्तातली एक शिट्टी मिळते, ती बॅटरीला लावून ठेवावी. चार्जिंग आम्ही बाल्कनीत, मातीच्या कुंडीत करतो, पेटली तर आग कुंडीतच राहावी म्हणून. आणि चार्जर सुरू ठेवून भाजी आणायला जात नाही.

(दृश्य : रविवार, सकाळचे सात. सोसायटीचं पार्किंग. रिमोट मुलीच्या हातात.)

पूर्वी सत्तावीस मेगाहर्ट्झचे रिमोट असत. तपकिरी, लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा. ज्याच्या त्याच्या क्रिस्टलचा, म्हणजे रिमोटची लहर ठरवणाऱ्या सुट्या भागाचा, रंग ॲंटेनावर झेंड्यासारखा लावायचा. दोघांचा एकच रंग आला की एकाची गाडी दुसऱ्याचं ऐकायची. आता दोन पूर्णांक चार गिगाहर्ट्झवर प्रत्येक रिमोट आपापली गाडी ओळखतो. भांडणं कमी झाली.

“बाबा, सोडू?”

“हळू सोड. वळणावर थ्रॉटल कमी कर.”

पहिला फेरा झकास. दुसराही. तिसऱ्याला वळण जरा मोठं पडलं, आणि पार्किंगच्या खांबावर ‘खट्’.

(दृश्य : फरशीवर गाडी. पुढचं उजवं चाक आडवं झालेलं. मुलगी वाकून काळा तुकडा उचलते.)

चाक धरून ठेवणारा भाग तुटलाय. मोठा नाही, अंगठ्याएवढा. सुटा मिळत नाही. अख्खी चौकट घ्यावी लागते, तिच्यात डावा आणि उजवा दोन्ही येतात. उजवा आज रात्री लागेल. डावा डब्यात जाईल.

डब्यात डावे आधीच तीन आहेत. खांब उजवीकडे आहे.