कांगारू असलेला प्रागचा क्लब

श्रोतेहो, नमस्कार.

चेक फुटबॉलचा विषय निघाला की स्पार्टा आणि स्लाविया ही प्रागमधली दोन बडी नावे आधी पुढे येतात. मला मात्र आज त्याच शहरातल्या तिसऱ्या एका क्लबबद्दल बोलायचे आहे. या क्लबने आजवर देशाचे अजिंक्यपद एकदाच पटकावले. त्याच्या इतिहासात चषकांपेक्षा नावाचीच उलथापालथ अधिक आहे, आणि त्याच्या बोधचिन्हावर युरोपात कुठेही न आढळणारा एक प्राणी विराजमान आहे.

प्रागच्या व्रशोवित्से या भागात 1905 साली हा क्लब सुरू झाला, तेव्हा त्याचे नाव साहजिकच वस्तीवरून पडले : ए. एफ. के. व्रशोवित्से. पुढे 1927 साली या संघाला ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्याचे निमंत्रण आले. विमानप्रवासाच्या आधीच्या त्या काळात एवढ्या दूरच्या देशी खेळायला जायचे म्हणजे आठवडेच्या आठवडे बोटीवर काढायचे. तिथे पोहोचल्यावर मात्र अडचण आली ती उच्चाराची. 'व्रत' आणि 'व्रण' सहज म्हणणाऱ्या आपल्या जिभेला 'व्रशोवित्से' कदाचित जड जाणार नाही, पण इंग्रजी बोलणाऱ्या यजमानांना तो शब्द पेलवेना. तेव्हा चेक भूमीच्या 'बोहेमिया' या जुन्या नावावरून संघाला 'बोहेमियन्स' म्हणण्यात आले. पाहुण्यांना निरोपाची भेट म्हणून दोन जिवंत कांगारू मिळाले आणि तेही बोटीने युरोपात आले. संघाने परतल्यावर नवे नाव कायम केले, छातीवर कांगारू मिरवायला सुरुवात केली, आणि हिरव्या-पांढऱ्या पोशाखातल्या या खेळाडूंना लोक आजही 'क्लोकानी', म्हणजे कांगारू, याच नावाने हाक मारतात. चेक मुलखातल्या संघाने परक्यांच्या सोयीसाठी घेतलेले इंग्रजी अनेकवचन इतके आपलेसे करावे, याची मला मोठी गंमत वाटते.

हे नाव टिकवणे मात्र सोपे नव्हते. 1948 साली साम्यवादी राजवट आली आणि क्रीडासंस्था कारखान्यांशी व सरकारी उद्योगांशी जोडल्या गेल्या. मग हा क्लब कधी रेल्वे कामगारांचा 'झेलेझ्निचार्झी' झाला, कधी 'स्पार्टाक प्राग स्टालिनग्राड' झाला, तर पुढे ट्राम आणि इंजिने बनवणाऱ्या चे-का-दे या अवजड उद्योगाचे नाव त्याला चिकटले. साठच्या दशकाच्या मध्यात कारखान्याच्या नावाला जोडून का होईना, पण 'बोहेमियन्स' परत आले. या सगळ्या काळात क्लबचे मैदान एकच राहिले : 1932 साली खुले झालेले 'द्योलिचेक'. या शब्दाचा अर्थ लहानसा खळगा, आणि चहूबाजूंनी घरे असलेले हे आटोपशीर मैदान पाहिले की तो पटतो.

याच क्लबमध्ये लहानपणापासून घडलेला खेळाडू म्हणजे आंतोनिन पानेन्का. सराव संपला की तो गोलरक्षक झ्देन्येक ह्रुश्काबरोबर बिअर किंवा चॉकलेटच्या पैजेवर पेनल्टीचा खेळ खेळायचा. सारखे हरून खिसा रिकामा होऊ लागल्यावर त्याने एक निरीक्षण केले : गोलरक्षक चेंडू मारला जाण्याच्या क्षणी कोणत्या तरी एका बाजूला झेपावतोच, त्यामुळे मधली जागा मोकळी पडते. मग जोरात मारायचेच कशाला? हलकेच उचललेला चेंडू मधून जाईपर्यंत झेपावलेला माणूस परत उठू शकत नाही. 20 जून 1976 रोजी बेलग्रेडमध्ये युरोपीय अजिंक्यपदाचा अंतिम सामना चेकोस्लोव्हाकिया आणि पश्चिम जर्मनी यांच्यात 2-2 असा बरोबरीत सुटला. पेनल्टींमध्ये जर्मनांच्या उली होनेसचा चेंडू गोलच्या आडव्या खांबाच्या वरून उडाला आणि निर्णायक फटक्याची वेळ पानेन्कावर आली. समोर जर्मन गोलरक्षक सेप मायर होता. मायर डावीकडे झेपावला, चेंडू अलगद मधून जाळ्यात उतरला, आणि 5-3 अशा फरकाने चेकोस्लोव्हाकिया विजेता ठरला. त्या फटक्याला जगभर आज 'पानेन्का' असेच म्हणतात.

दैवयोग असा की क्लबच्या सर्वोत्तम हंगामात पानेन्का संघात नव्हता. तो 1981 साली व्हिएन्नाच्या रापिड संघाकडे गेला होता. प्रशिक्षक तोमाश पोस्पीखाल यांच्या मार्गदर्शनाखाली बोहेमियन्सने 1982-83 चे राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकले, आणि त्याच हंगामात युरोपातल्या क्लबांच्या यूएफा चषकात स्कॉटलंडच्या डंडी युनायटेडला बाद करून उपांत्य फेरी गाठली. तिथे बेल्जियमच्या अँडरलेख्टने त्यांना रोखले.

2005 साली, शंभरीच्या वर्षातच, क्लब कर्जात बुडाला. तो बंद पडू नये म्हणून चाहत्यांनी सहकारी संस्था काढली, वर्गणी गोळा केली, आणि तिसऱ्या श्रेणीपासून पुन्हा सुरुवात करून 2007 मध्ये संघ पहिल्या श्रेणीत परतला. मात्र नावाचे हक्क जुन्या क्रीडासंस्थेकडे होते आणि तिने ते प्रागच्या उत्तरेकडच्या स्त्रिझ्कोव्ह इथल्या दुसऱ्याच क्लबला वापरायला दिले होते. त्यामुळे 2009-10 च्या हंगामात एकाच श्रेणीत दोन 'बोहेमियन्स' उतरले. प्रकरण न्यायालयात होतेच, त्यात स्त्रिझ्कोव्हचा संघ व्रशोवित्सेच्या संघाविरुद्ध सामन्याला आलाच नाही आणि त्याबद्दल त्याच्यावर कारवाई झाली. कांगारू अखेर व्रशोवित्सेतच राहिला. मैदानावरही घरबांधणीचे सावट होते, ते 2016 मध्ये प्राग-10 या प्रभागाने मैदान विकत घेतल्यावर ओसरले.

आज प्रागच्या ट्रामने या भागातून गेलात, तर मैदानापाशी 'बोहेमियन्स' नावाचाच थांबा लागतो. त्यापुढचा थांबा 'कोहिनूर'. आपल्या हिऱ्याचे नाव लावून कपड्यांची टिचबटणे बनवणाऱ्या कारखान्यावरून पडलेला. आणि त्याच्या पुढचा थांबा, 'स्लाविया'.

नमस्कार.