मोकळी सम

जुन्या संगीत नाटकाचं पुस्तक उघडलं की पदाच्या डोक्यावर बारीक टायपात त्याची चाल छापलेली दिसते. अमुक लावणीची, तमुक कानडी पदाची, कुठल्याशा साकीची. किर्लोस्करांचं 'सौभद्र' १८८२ सालचं. त्यातल्या कितीतरी चाली आधीपासून लोकांच्या ओठांवर होत्या. पुढे गोविंदराव टेंब्यांनी 'मानापमान'साठी हिंदुस्थानी चिजांच्या चाली घेतल्या, आणि त्या चालींवरची पदं ऐकायला लोक रात्र रात्र बसले. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. आज रेगेवर, म्हणजे जमैकाच्या त्या संगीतावर, बोलायचं तर मला इथूनच सुरुवात करावी लागते, कारण रेकॉर्डी जमवणाऱ्याचं डोकं याच्या नेमकं उलट चालतं. त्याला मूळ हवं असतं. पहिली छपाई, पहिलं लेबल, पहिला गायक. आणि रेगे हे असं संगीत आहे की त्यात 'मूळ कुठलं?' हा प्रश्न घेऊन शिरलात तर दारातच अडकून पडता.

ऐंशीच्या दशकात फोंड्याकडच्या आमच्या घरात नाट्यगीतं होती, भजनं होती, लॉर्नाची कोंकणी गाणी होती. रेगेचा सगळ्यात गाजलेला गायक बॉब मार्ली नव्हता. तो गेला ११ मे १९८१ रोजी, छत्तिसाव्या वर्षी, आणि आमच्याकडे त्याचा आवाज पोचायच्या आधी त्याचा चेहरा पोचला, तोही कळंगुटच्या दुकानांत टांगलेल्या बनियनांवर. गांजा, जटा, समुद्रकिनारा, म्हणजे रेगे, अशी आमच्या वडीलधाऱ्यांची समजूत झाली ती त्यातूनच. जाता जाता सांगतो, जमैकात गांजा गेला तो आपल्या माणसांबरोबर. १८४५ पासून हिंदुस्थानातून गिरमिटिये मजूर तिथल्या उसाच्या मळ्यांवर नेले जात होते.

हणजुण्याच्या बुधवारच्या बाजारात तेव्हा विदेशी मंडळी मुक्काम लांबवण्यासाठी जवळचं असेल ते विकायची. तंबू, कॅमेरे, पायातले बूट, कॅसेटी. एलपी, म्हणजे मोठ्या रेकॉर्डी, क्वचित. रेकॉर्ड पाठीवर घेऊन कोण हिंडणार? अशाच एका चादरीवर मला 'कॅच अ फायर' मिळाली. मार्लीच्या वेलर्स या मंडळीची ही १९७३ ची रेकॉर्ड. तिच्या सुरुवातीच्या प्रतींचं वेष्टन लायटरच्या आकाराचं होतं, झाकण वर उघडायचं. माझी प्रत नंतरच्या साध्या वेष्टनातली, कडेला बुरशी धरलेली. गोव्याच्या पावसाळ्यात रेकॉर्डींना बुरशी लागणारच. साबणाचं कोमट पाणी, मऊ फडकं, खाचांच्या दिशेने हात फिरवायचा, आणि लेबलावर पाणी जाऊ द्यायचं नाही.

घरच्या लहानशा प्लेअरवर ती वाजवली तर गिटार टुकटुक करत होती, बाकी सगळं कुठेतरी चादरीखाली. कारण त्या प्लेअरला बास, म्हणजे खर्जाचा आवाज, म्हणून काही नव्हताच. तो मला भेटला जत्रेत. रात्री नाटक होतं, दुपारी माइकवाला मांडवात स्पीकरच्या पेट्या लावत होता. त्याच्याकडे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र होतं. मी भीत भीत एलपी पुढे केली. पेट्यांची चाचणी करायचीच होती, त्याने लावली. पहिल्या दोन-चार मिनिटांतच रंगमंचाच्या फळ्या थरथरायला लागल्या. बासच्या त्या जाड, सावकाश सुरांवर सगळं गाणं उभं आहे हे कानाआधी तळपायांना कळलं.

आमचे मामा रात्री नाटकाला तबल्यावर बसणार होते. मंचाच्या काठावर पाय सोडून पान जमवत होते. गाणं सुरू झालं तसा त्यांचा हात मांडीवर पडायला लागला. दोनदा पडला आणि अडला.

"सम खंय गेली रे?"

मी काय सांगणार? मामांनी पान तोंडात टाकलं, डोळे मिटले, पुन्हा मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार. चार मात्रा सरळ होत्या. पण एकीवर, म्हणजे समेवरच, काहीच नाही. पायाचा मोठा ढोल आणि स्नेअर हा छोटा ढोल, दोन्ही येतात तिसरीवर. गिटारचा तुटक फटका दुसरीवर आणि चौथीवर. जिथे आपण सगळे मान हलवून दाद देतो तिथे तिथला ढोलकरी हात वर धरून बसलेला. या वाजवण्याला 'वन ड्रॉप' म्हणतात, आणि वेलर्सचा ढोलकरी कार्लटन बॅरेट हा त्यातला उस्ताद. बास वाजवणारा ॲस्टन बॅरेट त्याचा सख्खा भाऊ.

थोड्या वेळाने मामा म्हणाले, "त्यात काय मोठं? रूपक तालाची समही खालीवर, टाळीविनाच असते." आणि रेकॉर्डीबरोबर ठेका धरून बसले.

लयभास्कर खाप्रुमामा पर्वतकरांचा हा मुलूख. इथल्या तबलजीला मोकळ्या समेचं भय वाटेल कशाला? माझं मात्र काम झालं. रेगे परकं आहे हे त्या दुपारी डोक्यातून गेलं. माइकवाल्याच्या पेट्याही योग्यच होत्या, कारण जमैकात हे संगीत वाढलं तेच रस्त्यावरच्या पेट्यांवर. पन्नाशीच्या दशकात किंग्स्टनमधल्या गरीब वस्त्यांत घरोघरी प्लेअर नव्हते. ट्रकवर भल्यामोठ्या पेट्या लादून 'साउंड सिस्टिम'वाले यायचे, आवारात नाच व्हायचा, तिकीट आणि दारूवर पैसा सुटायचा. त्यातले दोन बडे म्हणजे कॉक्सन डॉड आणि ड्यूक रीड. रीड आधी पोलिसात होता, पुढे दारूचं दुकान चालवायचा. त्याचा ट्रेझर आइल स्टुडिओ त्या दुकानाच्या वरच होता.

त्यांची चढाओढ ऐकून रेकॉर्डी जमवणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. अमेरिकेहून आणलेली चांगली रेकॉर्ड हाती लागली की लेबल खरवडून टाकायचे, म्हणजे दुसऱ्याला नाव कळू नये! विलिस जॅक्सनची एक धून डॉड वर्षानुवर्षं 'कॉक्सन हॉप' या आपल्याच नावाने वाजवत होता.

पुढे आमच्या शेजारचा एक तारवटी कॅरिबियनच्या जहाजावर होता. सुट्टीत येताना त्याने माझ्यासाठी सात इंची रेकॉर्डींचा एक गठ्ठा आणला. एलपीत आणि या वस्तूत जमीन-अस्मानाचा फरक. मधलं भोक एवढं मोठं की आपल्या प्लेअरच्या खुंटीभोवती ती पिंगा घालते. मी डब्याचं प्लास्टिकचं झाकण कापून, कानशीने घासून मधे बसवलं. काहींचं भोक मध्यावरच नव्हतं, त्यामुळे सूर प्रत्येक फेऱ्याला झुलायचा. लेबलावर गायकाचं नाव चुकीचं, किंवा नाहीच. शेवटच्या मोकळ्या खाचेत टोकदार सळीने कुणीतरी हाताने आकडे कोरलेले. खरी ओळख पटवायची ती तिथे, दिव्याखाली रेकॉर्ड तिरकी धरून.

आणि दुसरी बाजू! तिथे गाणं नव्हतंच. पुढच्याच बाजूचं वाद्यसंगीत, गायक गायब, लेबलावर नुसतं 'व्हर्शन'. याचा उगम असा सांगतात की १९६८ च्या सुमारास ट्रेझर आइलमध्ये एका प्रतीवर गायकांचा आवाज घालायचा राहिला. ती नाचात वाजवली, तर लोकांनी स्वतःच गायला सुरुवात केली. मग हीच रीत पडली. किंग टबी नावाचा विजेची यंत्रं दुरुस्त करणारा कारागीर त्यात पडला आणि मिक्सिंगच्या टेबलालाच त्याने वाद्य केलं. ढोल ठेवायचा, बास ठेवायचा, गायकाचा अर्धा शब्द प्रतिध्वनीत सोडून द्यायचा. हे डब. ऑगस्टस पाब्लोची १९७६ ची टबीबरोबरची एलपी मी मामांना ऐकवली तेव्हा त्यांनी लगेच विचारलं, पेटीवर, म्हणजे हार्मोनियमवर, कोण आहे? ती मेलोडिका होती, तोंडाने फुंकायची. पण आतल्या पट्ट्या पेटीच्याच जातीच्या, कान चुकला नव्हता.

गठ्ठ्यात तीन रेकॉर्डी अशा निघाल्या की गायक वेगळे, शब्द वेगळे, आणि खालचं वाजवणं तेच. जमैकात त्याला 'रिडिम' म्हणतात. जमवणारा म्हणतो, यातलं खरं कुठलं? तिथला श्रोता म्हणतो, या चालीवर आता हा काय म्हणतो ते ऐकू या. 'सौभद्र'च्या प्रेक्षकाला हा खुलासा लागला नसता. १९८५ साली गाजलेल्या 'स्लेंग टेंग'ची चाल तर कॅसिओच्या छोट्या कीबोर्डमध्ये तयार भरलेली होती. हिरोको ओकुदा या जपानी बाईंनी ती कंपनीसाठी केली होती. वेन स्मिथ आणि त्याचा मित्र नोएल डेव्ही यांना ती सापडली, निर्माता किंग जॅमीने तिची लय संथ केली, आणि मग त्यावर एवढे गायक तुटून पडले की मोजदाद नाही.

या वाटून घेण्याचं मी कौतुक करतो, पण त्याची किंमत वाजवणाऱ्यांनी मोजली हेही खरं. डॉडच्या स्टुडिओ वनमध्ये जॅकी मिटूसारखे वादक मजुरीवर वाजवत, आणि त्यांच्या रिडिमवर पुढे वीस-वीस वर्षं दुसऱ्यांची गाणी निघत राहिली. गोवेकराला हे समजावून सांगायला नको. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड यांनी मुंबईच्या सिनेमासंगीताचा वाद्यवृंद उभा केला, आणि रेकॉर्डीच्या लेबलावर नाव संगीत दिग्दर्शकाचं.

२०१८ साली युनेस्कोने जमैकाच्या रेगेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. बरं झालं. पण मला विचाराल तर वारसा म्हणून नमस्कार करण्यापेक्षा दोन्ही बाजू वाजवाव्यात.

कुठून सुरुवात करू, असं तरुण मुलं विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे. 'कॅच अ फायर'ची २००१ साली निघालेली दोन सीडींची आवृत्ती मिळवा. १९७३ ची रेकॉर्ड लंडनमध्ये निर्माता ख्रिस ब्लॅकवेलने रॉकवाल्या गोऱ्या श्रोत्यांसाठी सजवली होती. वेन पर्किन्सची गिटार आणि रॅबिट बंड्रिकचे कीबोर्ड तिथे वरून चढवलेले. त्या आवृत्तीत किंग्स्टनचं अगोदरचं मिश्रणही आहे. आधी ते ऐका. मग लंडनचं लावा आणि गिटार कुठे शिरते ते बोटावर मोजा. आणि हे मोबाइलवर करू नका. गावातल्या कुठल्याही माइकवाल्याला चहा पाजा आणि दुपारी त्याच्या पेट्या मागून घ्या.